वाटाड्या : नाताळची भेट, मिरजेपासून कृष्णेच्या उगमापर्यंत

प्रश्न : काका, आम्ही मिरजेचे. दर नाताळला मुलांना खेळणं आणतो आणि आठवड्यात ते पलंगाखाली जातं. यंदा वस्तू नको, सगळ्यांनी मिळून गाडीनं कुठंतरी जायचं, हीच भेट, असं ठरवलंय. मिस्टर म्हणतात गोवा. मुलगी अकरा वर्षांची, ती म्हणते महाबळेश्वर. मुलगा सात वर्षांचा, त्याला नुसतं ‘लांब’ जायचंय. सासूबाई बरोबर असतील, त्यांचे गुडघे दुखतात. २५ तारखेला सकाळी उपासना आणि दिवसभर पाहुणे, त्यामुळं २६ च्या आधी निघता येत नाही आणि ३१ च्या रात्रीच्या उपासनेला घरी हवं. गाडी जुनी पण ठीक आहे. पंधरा हजारांत बसवायचंय. आणखी एक : सहल कागदात गुंडाळून कशी द्यायची? ‘उद्या जाऊ’ ही सात वर्षांच्या पोराला भेट वाटत नाही.
— एक आई, मिरज

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण गोवा की महाबळेश्वर याचा निकालही त्यातच लागतो.

मी एसटीत कंडक्टर होतो. सातारा, वाई, पाटण, कराड अशी नोकरी झाली. मशीन येण्याआधी आमच्याकडं तिकिटांची पेटी असायची. रंगीबेरंगी तिकिटांच्या गड्ड्या, एका हातात पंच, टक् टक् आवाज. बाहेर घाट असो, धरण असो, पुढच्या बाकावरची पोरं त्या पेटीकडंच बघत बसायची. पोरांना बघायला कमी आणि करायला जास्त लागतं. सहल द्यायची असेल तर तिच्यातलं काम त्यांच्या हातात द्या.

तर असं करा. जाड रंगीत कागदाच्या पट्ट्या कापा. एका पट्टीवर एक थांबा : मिरज, आयर्विन पूल, कराड, वाई, मेणवली, क्षेत्र महाबळेश्वर, भिलार, संगम माहुली. स्टेशनरीच्या दुकानातून कागदाला भोक पाडायचा साधा पंच आणा. हे सगळं पाकिटात घालून २५ ला सकाळी द्या. पोरगी कंडक्टर. टोल फास्टॅगमधून जाईल, पण चहा, पार्किंग, फळं, याचे पैसे तिच्या पाउचमध्ये आणि हिशेब तिच्या वहीत. आम्ही त्याला वेबिल म्हणायचो, ती काय म्हणेल ते म्हणू दे. पोराकडं घंटी. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. त्यानं डबल दिल्याशिवाय मिस्टरांनी गाडी हलवायची नाही, हे मात्र पाळा. तिकीट पंच करणार आजी.

आता कुठं जायचं ते. गोवा उत्तमच, पण नाताळ ते ३१ या आठवड्यात तिथं मुंबई-पुण्याचा निम्मा लोंढा असतो आणि खोल्यांचे दर ऐकून मिस्टर स्वतःच गाडी वळवतील. महाबळेश्वरलाही हीच गर्दी, पण त्यावर तोड आहे. मुक्काम वर करायचा नाही, खाली वाईत करायचा. पहाटे वर जायचं, बाकीचे लोक नाश्ता उरकून बाहेर पडेपर्यंत आपलं बघून झालेलं असतं.

आणि पॉइंट मोजत फिरू नका. (ही खोड बहुतेक बापांना असते. चौदा पॉइंट केले म्हणून सांगतात, फोटो बघितला तर पोरं पेंगलेली.) त्यापेक्षा एक धागा धरा. तुमच्या दाराशी कृष्णा आहे, तिच्या उलट दिशेनं वर चढत जा. मिरज ते महाबळेश्वर दोनशे किलोमीटरच्या आसपास, वाटेत नदी पुन्हा पुन्हा भेटते. पोराला ‘लांब’ पाहिजे ना, नदीच्या टोकापर्यंत म्हणजे लांबच झालं.

२६ ला साडेसात-आठला निघा. त्याआधी नको, नदीकाठानं धुकं असतं. पहिला थांबा सांगलीत आयर्विन पूल. पूल १९२९ चा, आणि पुराच्या दिवसांत अख्खी सांगली ज्या फुटांवर डोळा ठेवून असते ते पाणी इथं मोजतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पोरांना खाली वाकून डिसेंबरचं पाणी कुठं आहे ते बघू द्या. आकडा पोरीच्या वहीत जाऊ दे, दुसऱ्याच दिवशी उपयोगी पडणार आहे.

पुढं पेठ नाक्याला महामार्ग, तिथून कराड. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि एक होऊन पूर्वेला वळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथंच, बाग आहे, आजींना बसायला जागा आहे. जेवण इथंच उरका. नाताळचा फराळ घरात असणारच, करंज्या-चकल्यांचे डबे गाडीत टाका, धाब्यावरचा निम्मा खर्च वाचतो. पुढं तासवडे आणि आनेवाडी असे दोन टोल, फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते आदल्या रात्रीच बघा. रुंदीकरणाची कामं कुठं ना कुठं चालूच असतात, म्हणून तासभर जादा धरा. पाचवडला वळलात की वाई.

संध्याकाळी साडेचारच्या सुमाराला मेणवलीला जा, वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आहे, मागं कृष्णेचा दगडी घाट. आजींना वाड्यापाशीच बसवा, घाटाला पायऱ्या आहेत. पोरांना मात्र खाली न्या. घाटावरच्या देवळाबाहेर लहानशा दगडी मनोऱ्यात मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेतली. ती दाखवा, पण काही सांगू नका. नीट निरखून बघा म्हणा. बाळ येशूला घेतलेली मरीया तिच्यावर उठावात आहे. दोन दिवसांपूर्वी गव्हाणी सजवलेली पोरं ती बरोबर ओळखतील. आणि मग वसईच्या चर्चची घंटा शंकराच्या देवळापाशी कशी आली, हा प्रश्न येईल. त्याचं उत्तर मिस्टरांनी तयार ठेवावं, गाडी चालवताना वेळ असतोच.

२७ ला सहाला उठून पसरणी घाट चढा. स्वेटर, कानटोप्या वरच्या पिशवीत ठेवा, डिकीच्या तळाला नको. नाक्यावर प्रवासी कराचे पैसे लागतात, ते कंडक्टरणीकडं. बाजारपेठेत न थांबता सरळ क्षेत्र महाबळेश्वर गाठा. पंचगंगा मंदिरात दगडी गोमुखातून धार पडते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाचही नद्यांचा उगम इथं मानतात. जवळच कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ आहे, तिथं गर्दी कमी आणि समोर कृष्णेचं खोरं उघडं. तुम्हाला देऊळ म्हणून जायचं नसेल तर उगम म्हणून जा, कोणी अडवत नाही. पोरांना धारेखाली ओंजळ धरू द्या आणि पोरीला वहीतला सांगलीचा आकडा वाचायला लावा.

परतताना वेण्णा तलावावर नावेचा हट्ट होईल. रांग बघा आणि ठरवा. मी असतो तर गाडी भिलारकडं घेतली असती. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत पुस्तकांची कपाटं, बसा आणि वाचा, पैसे नाहीत. आजींना खुर्ची मिळते, पोरीला गोष्टी आणि पोराला स्ट्रॉबेरी, कारण डिसेंबरात शेतं लागलेली असतात. शेतात विचारल्याशिवाय तोडू नका एवढंच. चारला घाट उतरायला लागा.

२८ ला परतताना साताऱ्याला महामार्ग सोडून संगम माहुली करा. आदल्या दिवशी तलावात बघितलेली वेण्णा इथं कृष्णेला मिळते. जुनी देवळं आहेत, आणि शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. सात वर्षांच्या माणसाला अख्ख्या सहलीत हेच लक्षात राहील, तयारी ठेवा.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. डिसेंबर म्हणजे आपल्याकडं गळीत हंगाम. उसानं भरलेल्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला. अंधारात ती ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेकला वेळ उरलेला नसतो. पेठ ते सांगली हा पट्टा तर उसाचाच. सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणून २८ ला साताऱ्याहून उशिरात उशिरा एकला निघा. वाटेत एखादं गुऱ्हाळ चालू दिसलं तर दहा मिनिटं थांबा, गरम काकवी द्रोणात मागून घ्या. पण त्यासाठी अंधार करू नका.

खर्चाचं म्हणाल तर इकडंतिकडं धरून साडेचारशे-पाचशे किलोमीटर होतील, पेट्रोल तीन-साडेतीन हजार. वाईत दोन रात्री, दोन खोल्या, आजच फोन करून पक्क्या करा. उरलेल्यात जेवण आरामात बसतं. टायरची हवा आणि स्टेपनी २४ ला बघून घ्या, २५ ला गॅरेज उघडं असलं तरी तुम्ही मोकळे नसाल.

प्रश्न : कुंभार्ली घाटात आमच्या धाकट्याला दर वेळी उलटी होते. गोळी न देता काही उपाय?
— एक वाचक, कराड

उत्तर : आधी हातातला मोबाइल काढून घ्या. डोळे पडद्यावर स्थिर आणि कानाच्या आतला तोल सांगतोय की गाडी वळतेय, तिथंच मळमळ सुरू होते. पुढच्या काचेतून लांबचा रस्ता दिसेल असा मागच्या सीटवर मधोमध बसवा, पट्टा लावून. रिकाम्या पोटी नेऊ नका आणि वडापाव खाऊनही नको, दोन बिस्किटं किंवा मूठभर चुरमुरे पुरे. आलेपाक चघळायला द्या. कोयनानगरला, घाट लागायच्या आधी, गाडीतून उतरवून पाच मिनिटं चालवा. काच थोडी खाली. गाडीतला तो वासाचा डबा काढून टाका, निम्म्या उलट्या त्याच्याच असतात. आणि ‘आता होतंय का, आता होतंय का’ असं विचारू नका, विचारलं की होते. पिशवी मात्र हाताशी ठेवा, भोक नाही ना ते बघून.