मागचं वर्ष पार वाईट गेलं, नवीन वर्षात आशा कशी टिकवायची?

तुम्ही लिहिलंय की नोकरी जाऊन आठ महिने झाले, इंटरव्ह्यू देऊन देऊन थकलात आणि आता हॅपी न्यू इयरचे मेसेज नकोसे वाटतात. मला नोकरीतलं काही कळत नाही, मी निफाडकडचा द्राक्षवाला आहे, पण मेसेज नकोसे वाटणं म्हणजे काय ते मला चांगलं माहितीये.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार होता. नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली त्या दिवशी, त्यात आमची बाग सापडली. मणी हरभऱ्याएवढे झाले होते. घड फुटले, पानांच्या चिंध्या, काड्यांवर जखमा, खाली नुसता हिरवा चिखल. त्यानंतर १ जानेवारीला मी फोन पालथा घालून घरात बसलो होतो आणि आण्णा (माझे वडील) सकाळीच कात्री घेऊन बागेत. मी चिडलो, म्हटलं आता तिथे काय राहिलंय? तर म्हणे, "माल गेलाय, झाडं आहेत ना." मला त्या वेळी राग आला होता, खरं सांगतो.

आता द्राक्षाचं थोडं सांगतो कारण मला समजलं ते त्यातूनच समजलं. आमच्याकडे वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यात काड्या एक-दोन डोळे (काडीवरच्या कळ्या, जिथून नवी फूट येते) ठेवून सगळ्या काढून टाकतात, बाहेरचा माणूस बघेल तर म्हणेल यांनी बाग मारली. मग नवीन फुटी येतात आणि त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत त्या फुटींवरच्या डोळ्यांच्या आत पुढच्या हंगामाचे घड तयार होतात, बाहेरून काहीच दिसत नाही, नुसती पानं. पण तेव्हाच ऊन, पाणी, खत, शेंडा मारणं हे सगळं वेळेत व्हावं लागतं, ढगाळ हवा जास्त राहिली तर घड कमी निघतात. ऑक्टोबर छाटणीच्या आधी आम्ही काड्या लॅबला नेतो, डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मी गारपिटीनंतरच्या सप्टेंबरमध्ये स्वतः डोळा लावून बघितलं, वाळक्या दिसणाऱ्या डोळ्यात इवलासा घड होता. माझ्या डोळ्यात पाणी आलं तिथेच. कारण तो मे-जूनमधला होता, म्हणजे मी रोज संध्याकाळी कर्जाचा हिशोब करत रडकुंडीला येत होतो तेव्हाचा.

म्हणून मला वाटतं १ तारखेला उत्साह वाटलाच पाहिजे असं मनावर घेऊ नका. माझं ते वर्ष जानेवारीत सुरू झालंच नव्हतं, ९ एप्रिलला पाडवा आला, गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला आणि त्याच आठवड्यात छाटणीला मजूर लावले, आशा वगैरे काही वाटत नव्हती, वेळ झाली म्हणून छाटणी केली इतकंच. तुमचंही असं एखादं काम असेलच जे आत्ता केलं तर चार-सहा महिन्यांनी उपयोगी पडेल, एखादं सॉफ्टवेअर शिकणं, जुन्या साहेबांना फोन, काहीही, ते रोज थोडं करा, मन लागत नसलं तरी. आणि काय काय शिल्लक आहे ते एकदा कागदावर लिहून काढा, मी लिहिलं होतं, झाडं, विहिरीचं पाणी, आण्णांचा हात, बायकोचं शिवणकाम. कर्ज अजून फिटलेलं नाही, खोटं कशाला सांगू.

एक मात्र मनापासून सांगतो. झोप गेली असेल, जेवण जात नसेल, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर एकट्याने सोसू नका. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आमच्या शेजारच्या वस्तीवरचा एक जण बोललाच नाही कुणाशी, ते मला अजून सलतं.

सध्या इकडे थंडी फार आहे. पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबक चालू करतो, विहिरीचं पाणी कोमट असतं ना, नाहीतर मणी तडकतात. कधी नाशिकला आलात तर बागेत या, डोळा कापून दाखवतो.