बेसबॉलमध्ये ट्रेड झाला की लोक 'वॉर'च्या आकड्यावरून का भांडतात? त्या आकड्यात खरंच काही दम आहे का?

मुलाकडे अमेरिकेत आल्यापासून तुम्ही बेसबॉल बघायला लागलात, क्रिकेटमुळे खेळ समजतोही, पण एका संघाने दुसऱ्याशी खेळाडूंची अदलाबदल केली की टीव्हीवर 'वॉर' नावाच्या आकड्यावरून जी हमरीतुमरी होते ती डोक्यावरून जाते, असं तुम्ही लिहिलंय. हा आकडा कामाचा की नुसती पोपटपंची, असा तुमचा प्रश्न.

मी कॅन्सस सिटीजवळ ओव्हरलँड पार्कला राहतो. हे भांडण मी शेजारच्या आजोबांशी तीन वर्षं केलंय, त्यामुळे एका ट्रेडवरूनच सांगतो.

९ डिसेंबर २०१२, रविवारची रात्र. आमच्या कॅन्सस सिटी रॉयल्सने टॅम्पा बे रेजकडून जेम्स शिल्ड्स आणि वेड डेव्हिस हे दोन पिचर (इथले गोलंदाज) घेतले आणि बदल्यात विल मायर्स हे आपलं सोन्यासारखं पोरगं दिलं. सोबत जेक ओडोरिझी, माइक माँटगोमेरी आणि आणखी एक तरुण. मायर्स दुसऱ्याच दिवशी बावीस वर्षांचा होणार होता. त्या वर्षी मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालची शिकाऊ लीग) त्याने ३७ होमरन (इथले षटकार) मारले होते, सरासरी ०.३१४. (बेसबॉलमध्ये ०.३०० म्हणजे डोक्यावर घ्यायची सरासरी. दहापैकी सात वेळा बाद होणारा माणूस इथे हिरो असतो, याची सवय व्हायला मला एक सीझन लागला.) शिल्ड्स एकतीस वर्षांचा होणार होता आणि त्याच्या करारात दोनच वर्षं उरली होती.

रॉयल्स १९८५ नंतर एकदाही प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, गेले नव्हते. २०१२मध्ये ७२ जिंकले, ९० हरले. अशा संघाने घरचं बियाणं विकून बाजारातून दोन पोती धान्य आणावं, तसा हा प्रकार. आकडेवाल्या मंडळींनी संघात कोण घ्यायचं ते ठरवणाऱ्या जनरल मॅनेजर डेटन मूरला अक्षरशः सोलून काढलं, आणि सोलणाऱ्यांत मीही होतो.

आता 'वॉर' (विन्स अबव्ह रिप्लेसमेंट) म्हणजे काय ते. समजा तुमचा खेळाडू उद्या जायबंदी झाला आणि त्याच्या जागी मायनर लीगमधून किमान पगारावर मिळेल तो कोणीही आणून उभा केला. त्या 'कोणीही'पेक्षा तुमच्या खेळाडूने वर्षभरात किती सामने जास्त जिंकून दिले, तो त्याचा वॉर. साधारण दहा रन वाचवले किंवा काढले की एक विजय, असा हिशेब. नुसत्या 'कोणीही' लोकांचा संघ १६२ पैकी ४८च्या आसपास सामने जिंकेल असं धरलेलं आहे. दोनच्या आसपास वॉर म्हणजे नेहमीचा चांगला खेळाडू, पाच म्हणजे ऑल-स्टार, आठच्या वर गेला तर वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूची चर्चा सुरू.

यातली गोम अशी की दोन प्रसिद्ध वेबसाइट हा आकडा दोन पद्धतींनी काढतात. पिचरच्या बाबतीत तर फारच फरक. एक बघते त्याने रन किती दिले. दुसरी म्हणते की चेंडू बॅटला लागून मैदानात गेला की पुढचं क्षेत्ररक्षकांच्या आणि नशिबाच्या हातात, म्हणून पिचरचे फक्त स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद), वॉक (चार वाईट चेंडूंवर बॅटरला फुकटचा बेस) आणि दिलेले होमरन मोजायचे. हा दुसरा विचार वोरोस मॅक्रॅकन नावाच्या माणसाने २००१मध्ये मांडला तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. आज सगळे संघ तो मानतात. तेव्हा टीव्हीवर कोणी ४.३ मोठा की ४.१ मोठा यावरून घसा फोडत असेल, तर खुशाल चॅनल बदला. पाच आणि दोन यातला फरक मात्र खरा असतो.

आणि हे खूळ कुठून आलं? आमच्याच कॅन्ससमधून! बिल जेम्स हा या सगळ्याचा आद्यपुरुष. इथून तासाभराच्या आत लॉरेन्स गाव आहे, तिथल्या एका डबाबंद घेवड्याच्या कारखान्यात तो रात्रपाळीचा वॉचमन होता. रात्रभर बसून जुने स्कोअरकार्ड चाळायचा. १९७७मध्ये स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापून त्याने विकायला सुरुवात केली. तो रॉयल्सचा चाहता, आणि त्याला पुढे नोकरी दिली बॉस्टनने. गावात पिकतं तिथे विकत नाही, ते असं.

तर आकडेवाल्यांचा राग कशाचा होता? मेजर लीगमध्ये नवा खेळाडू आला की ढोबळमानाने सहा वर्षं तो त्या संघाच्या ताब्यात असतो. पहिली तीन वर्षं जवळपास किमान पगारात (२०१३मध्ये तो ४,९०,००० डॉलर होता), पुढची तीन लवादाने ठरेल त्या पगारात. मग तो मोकळा. म्हणजे मायर्स दिला ही एका खेळाडूची नाही, तर स्वस्तातल्या सहा वर्षांची किंमत होती. समोरून आली शिल्ड्सची महाग दोन वर्षं. कागदावर हा सौदा दिवाळखोरीचाच. टीव्हीवर लोक नुसता वॉर सांगतात, पण तो कोणत्या पगारात आणि किती वर्षं, हे सांगितल्याशिवाय ट्रेडच्या बाबतीत त्याला काही अर्थ नाही. रेज संघाने मायर्सला जूनच्या मध्यापर्यंत मायनर लीगमध्येच ठेवलं, तेही हे वर्षांचं घड्याळ उशिरा सुरू व्हावं म्हणूनच, असं आम्हा सगळ्यांचं मत. पोराने उरलेल्या ८८ सामन्यांत १३ होमरन मारून वर्षाच्या सर्वोत्तम नवोदिताचा मान पटकावला. मी तो निकाल मोबाइलवर उघडून आजोबांच्या तोंडासमोर धरला.

आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले. उन्हाळ्यात गॅरेजचं दार उघडून खुर्ची टाकून बसत आणि रेडिओ लावत. रॉयल्सचा समालोचक डेनी मॅथ्यूज १९६९पासून, म्हणजे संघ जन्मल्यापासून, तोच होता. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर स्कोअरशीट, कानामागे पेन्सिल. स्ट्राइकआउट झाला की इंग्रजी 'के' काढायचा, आणि बॅटर बॅट न हलवता नुसता बघत राहिला असेल तर तो 'के' उलटा. मला स्कोअर लिहायला त्यांनीच शिकवलं.

त्यांनी मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "शिल्ड्सने किती इनिंग टाकल्या ते बघ."

२२८ टाकल्या होत्या (समोरचे तीन जण बाद केले की एक इनिंग, सामन्यात अशा नऊ). २००७पासून दरवर्षी दोनशेच्या वर. अशा पिचरला इकडे कौतुकाने 'घोडा' म्हणतात. त्याच्यामुळे बाकीच्या पिचरना विश्रांती मिळते, तरुण पोरं त्याच्याकडे बघून शिकतात, वगैरे आजोबांचं म्हणणं. मी त्यातलं 'वगैरे' कधीच मानलं नाही. पण रॉयल्स २०१३मध्ये ८६ सामने जिंकले, १९८९नंतर सर्वांत जास्त. मायर्सचं पुढच्या वर्षी मनगट मोडलं आणि सरासरी ०.२२२वर आली. घोडामैदान जवळ आलं होतं.

३० सप्टेंबर २०१४. एकोणतीस वर्षांनी प्लेऑफ, तोही वाइल्ड कार्डचा एकच सामना, हरलात की घरी. समोर ओकलंड. आजोबांना नातीने तिकीट काढून दिलं होतं, ती आजारी पडली म्हणून तिच्या जागी मी. सहाव्या इनिंगला आपण ३-२ पुढे, दोन माणसं बेसवर, एकही बाद नाही, आणि मॅनेजर नेड योस्ट चालत मैदानात आला. शिल्ड्सला काढलं! अठ्ठ्याऐंशीच चेंडू झाले होते. आत आला योर्डानो व्हेन्टुरा, दोनच दिवसांपूर्वी स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) म्हणून टाकलेला पोरगा. ब्रँडन मॉसने त्याचा चेंडू सेंटर फील्डच्या भिंतीपलीकडे भिरकावला. तीन रन. चाळीस हजार माणसं एका सुरात मॅनेजरची हुर्यो उडवतात तेव्हा खुर्चीचं प्लॅस्टिक कंप पावतं, हे मला त्या रात्री कळलं. थोड्याच वेळात ७-३.

गंमत बघा, एकच बॅटर तिसऱ्यांदा समोर आला की पिचर जास्त मार खातो, हे आकडेशास्त्राचं म्हणणं आहे. म्हणजे शिल्ड्सला काढणं माझ्या बाजूचं, आणि माझ्या बाजूच्या निर्णयाने आम्ही बुडत होतो. (व्हेन्टुराला आणणं कोणत्याच शास्त्रात बसत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांत, ताजा माणूस असताना?) आजोबांनी पेन्सिल खिशात ठेवून दिली.

ती आठव्या इनिंगला परत बाहेर आली. त्या रात्री रॉयल्सने सात बेस चोरले (पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसवर पळत सुटायचं, ती चोरी). वर्षभरात या संघाचे होमरन सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वांत कमी आणि चोरलेले बेस सर्वांत जास्त, तर बॅटर स्ट्राइकआउट होण्यात सगळ्यात कंजूस. बाराव्या इनिंगला साल्वाडोर पेरेझने थर्ड बेसजवळून चेंडू घासत नेला आणि ९-८. आजोबांच्या स्कोअरशीटवर रकाने दहाच होते. शेवटच्या दोन इनिंग त्यांनी समासात लिहिल्या.

पुढे ते वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम लढतीपर्यंत, गेले आणि सातव्या सामन्यात एका रनने हरले. 'बिग गेम जेम्स' म्हणवणाऱ्या शिल्ड्सने त्या ऑक्टोबरमध्ये सपाटून मार खाल्ला, ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन) सहाच्या वर. मग तो मोकळा झाला आणि सॅन डिएगोला निघून गेला.

म्हणजे मी जिंकलो? नाही, कारण आम्ही दोघंही ज्याच्यावर चकार शब्द बोललो नव्हतो तो वेड डेव्हिस. हा माणूस रेजकडे २०१२मध्ये उत्तम रिलीव्हर, म्हणजे स्टार्टर थकला की येणारा पिचर, होता. रॉयल्सने त्याला स्टार्टर केलं आणि त्याचा ईआरए ५.३२ झाला. २०१४च्या मार्चमध्ये ल्यूक होशेव्हार या दुसऱ्या रिलीव्हरचं कोपर गेलं, आठव्या इनिंगची जागा रिकामी झाली आणि डेव्हिसला तिथे टाकलं. ७२ इनिंग, ईआरए बरोबर १.००, होमरन शून्य. पुढच्या वर्षी ०.९४. डेटन मूरची दूरदृष्टी म्हणणाऱ्यांनी होशेव्हारचं कोपर आठवावं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

आकड्यांची मर्यादा मला इथे कळली. रिलीव्हर वर्षाला सत्तर इनिंग टाकतो म्हणून त्याचा वॉर दोन-तीनच्या पुढे फारसा जात नाही. पण त्या सत्तर इनिंग आठव्या-नवव्यात, एका रनच्या फरकाने, श्वास रोखलेल्या असतात. त्या क्षणाचं वजन मोजणारे आकडेही आहेत, आकडेवाले काही दूधखुळे नाहीत. फक्त डिसेंबर २०१२मध्ये सौदा तोलताना ते कोणी काढून पाहिले नाहीत, मीही नाही. शिवाय ऑक्टोबरमध्ये मध्ये मध्ये सुट्टीचे दिवस असतात, म्हणून हेरेरा, डेव्हिस, हॉलंड हे रिलीव्हरांचं त्रिकूट जवळपास रोज टाकू शकायचं. एप्रिलमध्ये जो माणूस चटणी असतो तो ऑक्टोबरमध्ये भाकरी होतो. २०१५च्या सुरुवातीला एका नामांकित भाकिताने रॉयल्सना ७२ विजय दिले होते. जिंकले ९५. आमच्याकडे ७२ हा आकडा वर्षभर शिवीसारखा वापरला गेला.

तरी माझं मत विचाराल तर सौद्याच्या दिवशी आकडेवाले बरोबर होते. निकाल चांगला लागला म्हणून निर्णय चांगला होता असं होत नाही, आणि आजोबांना मी हे अजूनही ऐकवतो. पण तीस वर्षं कोरडं गेलेल्या गावासाठी एका ऑक्टोबरची किंमत टॅम्पाच्या हिशेबाने लावायची, हेही बरोबर नाही. तुम्ही ट्रेडवरचं भांडण ऐकाल तेव्हा बघा, निम्मी माणसं 'किती विजय' यावर भांडत असतात आणि निम्मी 'कोणत्या वर्षीचे विजय' यावर, आणि दोघांनाही वाटतं विषय एकच आहे.

१ नोव्हेंबर २०१५ला न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना बारा इनिंग चालला. मध्यरात्र उलटून गेल्यावर शेवटचा बॅटर विल्मर फ्लोरेस डेव्हिसचा चेंडू नुसता बघत राहिला. उलटा 'के'. (पुढच्या वर्षी शिकागो कब्जने १०८ वर्षांनी किताब जिंकला, तेव्हा शेवटचा बळी कोणी घेतला? माइक माँटगोमेरीने. त्याच ट्रेडमध्ये आम्ही सोबत म्हणून देऊन टाकलेला.)

त्या रात्री मी गॅरेजमध्येच होतो. आजोबांनी रेडिओ बारीक केला आणि विचारलं, "तुझा तो पोरगा कुठे असतो रे आता?"

"मायर्स? रेजनेही त्याला विकलं. सॅन डिएगोत आहे."

"आणि माझा घोडा?"

"तोही तिथेच. चौथे आले, ७४ विजय."

आजोबांनी स्कोअरशीटची घडी घातली आणि हसत सुटले, ते खोकला येईपर्यंत.