2019-24 च्या विधानसभेची यादी करताना 288 नावांवर थांबू नका

तुमचा प्रश्न असा की 2019 ते 2024 च्या महाराष्ट्र विधानसभेतल्या आमदारांचा तक्ता करताय आणि पंढरपूर-मंगळवेढ्याला एका यादीत भारत भालके दिसतात, दुसऱ्या यादीत समाधान आवताडे, तर बरोबर कोण? दोघंही बरोबर. भालके नोव्हेंबर 2020 मध्ये वारले, एप्रिल 2021 मध्ये पोटनिवडणूक झाली, तिथे आवताडे निवडून आले आणि राष्ट्रवादीची जागा भाजपकडे गेली. निकालाच्या दिवशीची यादी आणि मुदत संपतानाची यादी कधीच सारखी नसते, म्हणून आधी प्रत्येक नावापुढे 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' असे दोन रकाने करा, तारखा भरल्या की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

मुदत 24 ऑक्टोबर 2019 च्या निकालापासून मोजू नका. पाच वर्षं सभागृहाच्या पहिल्या बैठकीपासून धरतात, ती झाली 27 नोव्हेंबर 2019 ला, त्या दिवशी हंगामी अध्यक्ष कालिदास कोळंबकरांनी शपथा दिल्या, म्हणून शेवट 26 नोव्हेंबर 2024. आणि हो, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होते तरी तुमच्या तक्त्यात येणार नाहीत, ते विधान परिषदेवर होते.

पोटनिवडणुकांची नावं भराल तेव्हा देगलूर (रावसाहेब अंतापूरकर, नंतर जितेश अंतापूरकर), कोल्हापूर उत्तर (चंद्रकांत जाधव, नंतर जयश्री जाधव), कसबा पेठ (मुक्ता टिळक, नंतर रवींद्र धंगेकर), चिंचवड (लक्ष्मण जगताप, नंतर अश्विनी जगताप) हे विसरू नका. अंधेरी पूर्व मात्र नीट बघा, कारण पक्षाच्या रकान्याची खरी परीक्षा तिथे आहे. रमेश लटके 2019 ला शिवसेनेच्या धनुष्यबाणावर जिंकले. मे 2022 मध्ये ते वारले, पुढच्याच महिन्यात पक्ष फुटला, ऑक्टोबरमध्ये निवडणूक आयोगाने चिन्ह गोठवलं, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्या पत्नी ऋतुजा लटके ठाकरे गटाच्या मशाल चिन्हावर निवडून आल्या. भाजपने उमेदवार मागे घेतला होता, त्यामुळे दुसऱ्या नंबरला नोटा (यापैकी कुणीही नाही) होता, 12,806 मतं. घर तेच, मतदारसंघ तोच, पण 'शिवसेना' एवढंच लिहून भागत नाही.

त्यामुळे पक्षाचे पण दोन रकाने करा, एक 'कुठल्या पक्षावर निवडून आले' आणि दुसरा 'नंतर कुठल्या गटात'. पहिल्यात भाजप 105, शिवसेना 56, राष्ट्रवादी 54, काँग्रेस 44 हे 2019 चे आकडे तसेच ठेवा. दुसऱ्यात जून 2022 (शिवसेनेतली फूट) आणि 2 जुलै 2023 (राष्ट्रवादीतली फूट) नंतरचं लिहा. अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी 10 जानेवारी 2024 ला शिवसेनेचा आणि 15 फेब्रुवारीला राष्ट्रवादीचा निकाल दिला, दोन्हीकडच्या कुणालाच अपात्र ठरवलं नाही, म्हणजे या निकालांमुळे एकही जागा रिकामी झाली नाही.

निलंबन म्हणजे जागा रिकामी नाही, हे पण लक्षात ठेवा. जुलै 2021 मध्ये भाजपचे 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले, अधिवेशन होतं दोन दिवसांचं. 28 जानेवारी 2022 ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं, अधिवेशनापलीकडे निलंबन करता येत नाही म्हणून. मला त्यातला मतदारांचा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो: आमदाराला काढूनच टाकलं तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक होते, पण वर्षभर निलंबित ठेवलं तर जागा भरलेली दिसते आणि मतदारसंघाचं बोलणारं कुणीच नसतं.

आता माझा कळकळीचा मुद्दा. रिकाम्या जागांच्या ओळी तक्त्यात ठेवाच, बहुतेक याद्या त्या गाळतात. अकोला पश्चिमचे गोवर्धन शर्मा 3 नोव्हेंबर 2023 ला गेले. पोटनिवडणूक 26 एप्रिल 2024 ला होणार होती, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती रद्द केली, कारण नवीन आमदाराला वर्षापेक्षा कमी मुदत मिळाली असती. कायद्यात तशी तरतूद आहे आणि काही महिन्यांसाठी निवडणुकीचा खर्च नको हे मलाही पटतं, पण अकोल्याच्या लोकांनी वर्षभर आमदाराशिवाय काढलं ही नोंद कुठेतरी राहिलीच पाहिजे. खानापूर, कारंजा, करवीर इथेही आमदारांच्या निधनानंतर तेच. सावनेरला सुनील केदार शिक्षेमुळे डिसेंबर 2023 मध्ये अपात्र ठरले, भोकरला अशोक चव्हाणांनी फेब्रुवारी 2024 मध्ये राजीनामा दिला, त्याही जागा शेवटपर्यंत रिकाम्या. जून 2024 ला वर्षा गायकवाड, प्रणिती शिंदे, प्रतिभा धानोरकर, बळवंत वानखडे, संदीपान भुमरे, रवींद्र वायकर खासदार झाले, म्हणजे धारावी, सोलापूर शहर मध्य, वरोरा, दर्यापूर, पैठण, जोगेश्वरी पूर्व यांचं पण तेच झालं.

देगलूरला तर तीन ओळी लागतील: रावसाहेब, मग जितेश, आणि ऑगस्ट 2024 अखेर जितेश यांनी राजीनामा दिल्यावर 'रिक्त'. तुमच्या तक्त्यात ही तिसरी ओळ आहे का ते आधी बघा, नसेल तर बाकीचे मतदारसंघ पण परत तपासावे लागतील.