वाचकांचे प्रश्न : हृदयविकाराचा झटका आणि हातातून जाणारे तास

प्रश्न : आमचे गाव दोडामार्ग तालुक्यात आहे. गेल्या पावसाळ्यात पहाटे चारच्या सुमारास वडिलांच्या छातीत दुखू लागले आणि त्यांना दरदरून घाम फुटला. जवळच्या दवाखान्यात पित्ताचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले. दुखणे थांबेना म्हणून दहा वाजता दुसरीकडे नेले, तिथे ईसीजी काढल्यावर झटका असल्याचे कळले आणि पुढे गोव्यात अँजिओप्लास्टी (बंद रोहिणी फुग्याने उघडणे) झाली. वडील वाचले, पण हृदयाचे पंपिंग ३५ टक्क्यांवर आले असून अंगणात फिरतानाही त्यांना धाप लागते. तालुक्यात कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करण्याचा खास कक्ष) असती तर हे टळले असते का?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : आपली व्यथा मी समजू शकतो, परंतु वडिलांचे ते सहा तास कॅथलॅब नसल्यामुळे नव्हे, तर पहिल्याच ठिकाणी ईसीजी न काढल्यामुळे गेले. हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी गुठळीने पूर्ण बंद झाली की तिच्या पुढचा स्नायू मरू लागतो आणि मेलेला स्नायू पुन्हा तयार होत नाही. म्हणूनच छातीत दुखणारा रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. ‘पित्त असेल’ हा अंदाज ईसीजी पाहिल्यानंतर करायचा असतो, त्याआधी नाही.

कॅथलॅब चालवायची तर हृदयरोगतज्ज्ञ, तंत्रज्ञ आणि परिचारिका चोवीस तास हाताशी लागतात, आणि हात सरावात राहायचे तर पुरेसे रुग्णही यावे लागतात. प्रत्येक तालुक्यात हे जमणार नाही. सुदैवाने त्यावाचून अडतही नाही. निदानानंतर दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर तीच करावी; ते शक्य नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जिथे निदान झाले तिथेच, शक्य तितक्या लवकर द्यावे आणि रुग्णाला लगेच मोठ्या केंद्राकडे रवाना करावे. इंजेक्शन लागू पडले तर साधारण ३ ते २४ तासांत अँजिओग्राफी (हृदयाच्या रोहिण्यांची तपासणी) करता येते, नाही पडले तर तातडीने अँजिओप्लास्टी करावी लागते. दुखणे सुरू झाल्यापासून बारा तासांपर्यंत हे इंजेक्शन देता येत असले, तरी त्याचा खरा गुण पहिल्या दोन-तीन तासांत येतो.

याची घडी बसवलेले उदाहरण आपल्या सीमेपलीकडेच आहे. गोव्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय हे मुख्य केंद्र धरून राज्यातील सरकारी आरोग्य केंद्रे आणि रुग्णालये त्याला जोडली आहेत. तिथे काढलेला ईसीजी दूरवरच्या तज्ज्ञाकडे जातो, निदान पक्के झाले की टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन मोफत दिले जाते आणि मग रुग्ण पुढे हलवला जातो. तामिळनाडूत अशाच जोडणीचा २,४२० रुग्णांवर अभ्यास झाला आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले.

अशी व्यवस्था अडते ती फार साध्या ठिकाणी. एका ग्रामीण रुग्णालयात मी ईसीजी यंत्र कुलूपबंद कपाटात पाहिले. किल्ली दिवसपाळीच्या कर्मचाऱ्याकडे होती, आणि यंत्र बाहेर काढले तेव्हा कागदाची गुंडाळी संपलेली निघाली. दुसरी अडचण मनातली आहे. या इंजेक्शनाने शंभरात एखाद्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून रात्री एकटा असलेला तरुण वैद्यकीय अधिकारी ते द्यायला कचरतो आणि ‘पुढे घेऊन जा’ अशी चिठ्ठी लिहितो. मी त्याला दोष देणार नाही. फोनवर ‘ईसीजी मी पाहिला आहे, द्या’ असे सांगणारा वरिष्ठ असला की तोच अधिकारी न डगमगता इंजेक्शन देतो, हे मी अनुभवले आहे.

तेव्हा आपल्या सरकारी रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीकडे कॅथलॅबऐवजी याची विचारणा करा : रात्री दोन वाजता ईसीजी कोण काढतो, तो कोण वाचतो, इंजेक्शन मुदतीतले आहे का, आणि रुग्ण आल्यापासून इंजेक्शन देईपर्यंत किती मिनिटे गेली याची नोंद कुठे ठेवली जाते.

प्रश्न : अशा वेळी १०८ ची वाट पाहावी की स्वतःच्या गाडीने निघावे? घरात जिभेखालची गोळी (सॉर्बिट्रेट) ठेवावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी १०८ ला फोन करावा. झटक्याच्या पहिल्या तासात हृदयाची लय अचानक बिघडून रुग्ण कोसळू शकतो आणि तेव्हा लागणारे शॉक देण्याचे यंत्र आपल्या गाडीत नसते. रुग्णवाहिकेला फार उशीर लागणार असे कळले तर दुसऱ्याने गाडी चालवावी, रुग्णाने स्वतः कदापि नाही; आणि ठाण्यासारख्या शहरात ज्या रुग्णालयात चोवीस तास अँजिओप्लास्टी होते तिथेच जावे. त्याची चौकशी आजच, घरी सगळे ठणठणीत असताना करून ठेवावी. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खाण्यास द्यावी. जिभेखालची गोळी मात्र डॉक्टरांनी त्या रुग्णासाठी लिहून दिलेली नसेल तर देऊ नये, कारण रक्तदाब आधीच उतरलेला असल्यास ती तो आणखी खाली नेते.