कचऱ्यातून वीज: भट्टीजवळून पाहिलेली

घरचा कचरा जाळून वीज केली तर कचऱ्याचे डोंगरही हटतील आणि वीजही मिळेल, मग लोक विरोध का करतात, असं तुम्ही विचारलंय. खाली दोघांनी ‘धुरातून डायॉक्सिन (अगदी थोडंही घातक ठरणारं क्लोरीनयुक्त विष) येतं, विषय संपला’ असं उत्तर दिलंय. अशा एका प्रकल्पाच्या बॉयलर विभागात मी नऊ वर्षं काढली. त्यामुळे मला दोन्ही बाजूंशी थोडं भांडायचं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हे मुळात विजेचं केंद्र नाही. ते कचऱ्याची विल्हेवाट लावणारं यंत्र आहे आणि वीज ही त्याची वरकमाई. बऱ्यापैकी सुका कचरा असेल तर एका टनामागे ५०० ते ६०० युनिट वीज मिळते. म्हणजे एका माणसाच्या रोजच्या अर्ध्या किलो कचऱ्यावर १० वॉटचा एक दिवा दिवसरात्र चालेल, बस. कोळशाच्या केंद्रात वाफ ५४० अंशांपर्यंत किंवा त्याहून वर नेतात, इथे ४०० च्या आसपास थांबावं लागतं. कारण कचऱ्यात पीव्हीसी (पाइप, वायरींचं प्लॅस्टिक) असतं, अन्नातलं मीठ असतं, आणि त्यांतला क्लोरीन तापलेल्या नळ्या खातो. देखभालीसाठी भट्टी बंद असताना नळ्यांची जाडी मोजायला आत उतरलो की काही ठिकाणी गंजाचे पापुद्रे नखाने निघायचे. वाफ कमी तापवायची म्हणजे कार्यक्षमता २०-२५ टक्क्यांवर अडकणार. तिथे फार काही करता येत नाही.

दुसरा शत्रू पाणी. भाज्यांची देठं, सालं, उरलेलं अन्न यांत ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते वाफ होऊन उडेपर्यंत किलोमागे जवळजवळ अडीच मेगाज्यूल उष्णता खातं. बाहेरून इंधन न घालता भट्टी पेटती राहायला कचऱ्यात किलोमागे निदान ६-७ मेगाज्यूल हवेत. नुसत्या ओल्या कचऱ्यातून हाती लागतात तीन-साडेतीन. आमच्याकडे हे गणित खऱ्या अर्थाने सांभाळायचा तो क्रेनवाला. काचेमागे बसून तो बंकरमधला, म्हणजे साठवणीच्या खड्ड्यातला, कचरा पंज्याने उचलायचा, उंचावरून सोडायचा, पुन्हा उचलायचा. ओला ढीग एका कोपऱ्यात चार-पाच दिवस निथळत ठेवायचा आणि मग त्यात सुका मिसळायचा. तो रजेवर गेला की नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर आम्हाला ज्वाळेवरून कळायचं. सलग पाऊस झाला की तोही हात टेकायचा, आणि आम्ही मुकाट्याने डिझेलचे बर्नर पेटवायचो. कचऱ्यातून वीज म्हणायचं आणि आत डिझेल जाळायचं!

दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डॅनिश तंत्रज्ञानाचा, रोज ३०० टन कचरा जाळू शकणारा प्रकल्प उभा राहिला आणि चाचणीच्या काही आठवड्यांतच गारठला. येणाऱ्या कचऱ्यात पुरेशी उष्णताच नव्हती.

आता धूर. डायॉक्सिनची भीती खोटी नाही, पण ‘विषय संपला’ हेही खरं नाही. ज्वाळेनंतरचा वायू ८५० अंशांवर निदान दोन सेकंद राहिला तर डायॉक्सिन जवळपास पूर्ण मोडतं. गंमत अशी की वायू थंड होताना, २५० ते ४०० अंशांच्या टप्प्यात, राखेतल्या तांब्याच्या साथीने ते पुन्हा तयार होतं. म्हणून वायू तो टप्पा झपाट्याने ओलांडेल असं पाहतात, मग चुना आणि सक्रिय कार्बनची भुकटी फवारतात आणि कापडी बॅग फिल्टरमधून गाळतात. युरोपात घनमीटरमागे ०.१ नॅनोग्रॅमची मर्यादा आहे आणि नीट चालवलेले प्रकल्प तिच्या बरेच खाली राहतात. ‘नीट चालवलेले’ हे शब्द मात्र दोनदा वाचा. सर्वात वाईट धूर भट्टी पेटवताना आणि विझवताना निघतो, आणि डायॉक्सिनचे नमुने बहुतेक ठिकाणी वर्षातून मोजक्याच वेळा घेतात, तेही सगळं सुरळीत असताना.

शिवाय फिल्टरने पकडलेलं विष कुठे जातं, हे कोणी विचारत नाही. कचऱ्याच्या वजनाच्या २०-२५ टक्के तळराख, म्हणजे भट्टीच्या तळाशी पडणारी जाड राख, उरते. तिच्यातलं लोखंड, ॲल्युमिनियम काढून ती रस्त्याच्या भरावात वापरता येते. पण फिल्टरखालची दोन-तीन टक्के बारीक राख शिसं, कॅडमियम आणि डायॉक्सिनने भरलेली असते. चिमणी जितकी स्वच्छ, तितकी ही राख घातक. जर्मनीत ती मिठाच्या जुन्या खाणींत खोल पुरतात. आमच्याकडे ती बंद पिशव्यांत भरायचे. पिशवी बांधणाऱ्याच्या तोंडावर योग्य मास्क आहे का, यावरून मी पहिल्याच महिन्यात व्यवस्थापनाशी भांडून बसलो होतो.

माझ्या मते खरा पेच कार्बनचा आहे. ओला कचरा वेगळा काढा, भट्टी छान जळेल, असं सगळेच सांगतात, मीही सांगतो. पण मग आत उरतं काय? जास्त करून प्लॅस्टिक, म्हणजे घट्ट केलेलं खनिज तेल. मिश्र कचऱ्याचा टन जाळला की साधारण टनभर कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यातला ४०-५० टक्के खनिज मूळचा; बाकीचा अन्न, कागद, लाकडातला, जो झाडांनी हवेतूनच घेतलेला असतो म्हणून हिशेबात धरत नाहीत. खनिज तेवढाच धरला तरी युनिटमागे ७०० ते ९०० ग्रॅम होतात, चांगल्या गॅस केंद्राच्या जवळपास दुप्पट. म्हणजे वर्गीकरण जितकं चांगलं, तितकी भट्टी खूश आणि तितकी वीज कोळशासारखी. हेच प्लॅस्टिक पुरलं असतं तर त्यातला कार्बन शतकानुशतकं तिथेच पडून राहिला असता. याउलट अन्न पुरलं तर मिथेन निघतो, जो १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट तापवतो. त्यामुळे ‘पुरण्यापेक्षा जाळणं बरं’ हे ओल्या कचऱ्याच्या बाबतीत खरं, पण तोच नीट जळत नाही!

ओल्यासाठी बायोगॅस बरा. टनभर अन्नापासून १०० घनमीटर किंवा थोडा जास्त वायू आणि त्यातून २००-२५० युनिट. आकडा लहान दिसतो, पण मागे खत उरतं. तिथलं दुखणं वेगळं: प्लॅस्टिकच्या पिशव्या ढवळणीला गुंडाळल्या जातात, आणि एकदम जास्त अन्न घातलं की टाकी आंबट होऊन जिवाणूच मरतात.

कोणीतरी अमागर बाके या कोपनहेगनमधल्या कचरा जाळून वीज करणाऱ्या प्रकल्पाचा, छतावर स्कीचा उतार असलेला, फोटो टाकलाय. छान आहे. पण तिथली उरलेली उष्णता नळांतून शहरभर घरं गरम करायला जाते, म्हणून हिशेब जमतो. जिथे तशी सोय नाही तिथे ती उष्णता हवेत जाते. आणि त्या भट्टीचं पोट भरायला बाहेरच्या देशांतून कचरा आणावा लागला आहे. २०२० मध्ये डेन्मार्कनेच जाळण्याची क्षमता ३० टक्क्यांनी घटवायचं ठरवलं.

तर तुमच्याजवळ असा प्रकल्प येत असेल तर मी सरसकट विरोध करणार नाही. पुनर्वापर आणि बायोगॅसनंतर खरोखर काही उरत असेल, तेवढ्यापुरतीच भट्टी असावी. जनसुनावणीला जाल तेव्हा चिमणीची उंची विचारण्यात वेळ घालवू नका. करारात रोज किमान इतका कचरा देण्याची हमी आहे का, ती किती वर्षांची, हे विचारा, कारण एकदा ती हमी दिली की कचरा कमी करणं हाच तोटा ठरतो. बारीक राख कुठे जाणार ते लेखी मागा. आणि त्याच कंपनीच्या चालू प्रकल्पातला पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचा भट्टीच्या तापमानाचा आलेख आणि डिझेलची बिलं मागा. ती दाखवायला का-कू झाली तर पुढचं तुम्हाला कळेलच.