आजोबांचा स्वल्पविराम

प्रिय मुक्ता,

काल गाडीत तू विचारलंस, "आई, आजोबांनी १,४२,८५७ मध्ये स्वल्पविराम चुकीच्या जागी का दिलाय? आमच्या शाळेत १४२,८५७ लिहितात." तेवढ्यात शाळा आली आणि उत्तर राहून गेलं.

आजोबा चुकलेले नाहीत. आपल्याकडे शंभर हजारांना स्वतःचं नाव आहे, लाख. शंभर लाखांचा कोटी. म्हणून उजवीकडून आधी तीन अंक, मग दोन-दोन. नाशिकच्या घरी ओट्यावर बसून 'एकं, दहं, शतं, हजार, दशहजार, लक्ष' म्हणत मी एकेका अंकावर बोट ठेवायचे. तूही मोठ्याने वाच: एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. 'सत्तावन्न'मध्ये सात आधी ऐकू येतात, पन्नास मागून. तू ७५ लिहून बसतेस ना, ते त्यामुळेच. होईल सवय.

आणि आजोबांनी हाच आकडा उगीच नाही पाठवला! त्याची दुप्पट कर: २,८५,७१४. तिप्पट: ४,२८,५७१. सहापट: ८,५७,१४२. अंक तेच, एकामागोमाग एक येण्याचा क्रमही तोच. भोंडल्यात हात न सोडता फेर पुढे सरकतो, तसे ते सरकतात. सातपट केलीस की मात्र ९,९९,९९९.

असं का, ते कागदावर करून बघ. १ ला ७ ने भाग. बाकी १ वरून निघते, मग ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. भागाकार ०.१४२८५७१४२८५७… असा चालूच राहतो. २ ला किंवा ३ ला ७ ने भागलंस तर तू त्याच फेरात फक्त दुसऱ्या जागी शिरतेस. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी संध्याकाळभर पाटी सोडली नव्हती.

या आकड्याचा वर्ग २०,४०,८१,२२,४४९. त्याचे शेवटचे सहा अंक वेगळे काढ आणि उरलेल्यात मिळव: २०,४०८ + १,२२,४४९. उत्तर परत १,४२,८५७! अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवायचे. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शिक्षकच होते, आणि त्यांनी शोधलेल्या संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी 'हर्षद' नाव दिलं, म्हणजे आनंद देणारी. आपल्या आकड्याची बेरीज २७. भाग जातो का, ते मी सांगणार नाही.

रविवारी आजोबांना फोन लावू तेव्हा तो वर्ग त्यांना वाचून दाखव, आपल्या पद्धतीने. सुरुवात 'दोन हजार चाळीस कोटी' अशी होते. पुढचं तू जुळव.

तुझी,
आई