तुळजापूरच्या गोंधळात रेकॉर्ड केलेला संबळाचा लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा) डब टेक्नोत चालेल का?

चालेल, पण अख्खा लूप नको, त्यातला एकच टोला उचला. १९९३ च्या सुमारास बर्लिनच्या बेसिक चॅनल या जोडीने घडवलेल्या या इलेक्ट्रॉनिक बाजात वादन थोडं आणि प्रतिध्वनी फार. संबळ मुळातच भरगच्च वाजतो. त्यावर डिले (आवाज जरा उशिराने परत वाजवणारा इफेक्ट) टाकला की नुसता कालवा. मी काठीचा एक टोला कापून वरचे तीक्ष्ण सूर कापणाऱ्या लो-पास फिल्टरने त्याची धार बोथट करतो, १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) ३७५ मिलिसेकंदांचा डिले लावतो आणि फीडबॅक, म्हणजे प्रतिध्वनी किती वेळ घुमत राहतो ते, हाताने वरखाली करतो. मागची गर्दीची कुजबुज, झांजेची किणकिण काढू नका. या बाजात मागे ऐकू येणाऱ्या टेपच्या खरखरीऐवजी तीच शोभते. फक्त मोबाइलवर आवाज फाटला असेल (संबळापुढे फाटतोच), तर ती फाट प्रत्येक प्रतिध्वनीत परत ऐकू येईल. मग दहा फूट लांबून पुन्हा रेकॉर्ड करा.